गणितातली गाडी

मुलांनो, तुमच्या गणिताच्या पुस्तकात एक गाडी असते. 'एक मोटार ताशी ७५ किलोमीटर वेगाने जाते, तर १४२५ किलोमीटर अंतर जाण्यास तिला किती तास लागतील?' तुम्ही पटकन भागाकार करता, '१९ तास' असं लिहून खाली दोन रेघा मारता आणि वही माझ्या टेबलावर आणून ठेवता. ही गाडी मोठी गुणाची. चहाला थांबत नाही, तिला घाट लागत नाही, पुढे म्हैस आडवी येत नाही आणि आत बसलेल्या कुणालाही शू लागत नाही. गेली चौदा वर्षं मी ती फळ्यावर पळवते आहे.

गेल्या डिसेंबरात ही गाडी थेट आमच्या घरात शिरली. म्हणजे माझ्या दादाच्या डोक्यात शिरली.

त्याचं असं झालं. माझा मामेभाऊ फौजेत आहे, सध्या अंबाल्याच्या छावणीत. त्याला मुलगी झाली. बारसं रविवारी ठरलं. त्याला सख्खी बहीण नाही, त्यामुळे बाळाची आत्या मी. आणि बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचा मान कुणाचा? आत्याचा! मनमाडहून रेल्वेची तिकिटं पाहिली तर सगळी वेटिंगवर. दादा म्हणाला, "गाडी काढू. शुक्रवारी रात्री जेवून निघू. रात्री रस्ता मोकळा असतो. मध्ये चहापाण्याला थोडं थांबलो तरी शनिवारी रात्री अंबाल्यात. साधा भागाकार आहे, तू बाई ना?"

घरात कुणी काही बोललं नाही. आई मात्र कपाळावरून हात फिरवत होती.

तिच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, चार टाक्यांची खूण आहे. दोन वर्षांपूर्वी शिर्डीची काकड आरती करून आम्ही पहाटेच परत निघालो होतो. धुकं म्हणावं असं धुकंही नव्हतं, नुसता ओलसर पडदा. आणि त्या पडद्यातून एकाएकी उसाची ट्रॉली पुढे आली. मागे दिवा नाही, लाल कापड नाही, काही नाही. दादाने ब्रेक दाबला, गाडी फरफटत गेली आणि उसाच्या वाढ्यांपासून हातभर अंतरावर थांबली. आईचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं. दादा त्या दिवसाविषयी कधी बोलत नाही. आपल्यामुळे झालं असं त्याला वाटतं, आणि म्हणून बोलत नाही, हे आम्हाला कळतं. पण न बोलल्याने रस्त्यावरचं धुकं काही हटत नाही.

शेवटी आईच म्हणाली, "अरे, मला बारशाला जायचंय, पेपरात नाही."

मग दादा माझ्याकडे वळला. "बरं, तू सांग कसं जायचं ते."

आता माझी पंचाईत. मला गाडी चालवता येत नाही. पण वही घालता येते. दादाची मुलगी सातवीत आहे, मुलगा चौथीत. सहा-सात दिवस शाळा बुडणार होती, तशी परवानगी काढली होती. मी भाचीच्या हातात दोनशेपानी वही दिली आणि म्हटलं, "हा तुझा अभ्यास. आपण कुठे पोचायचं ते नंतर बघू. आधी कुठे थांबायचं ते लिही."

तिने पहिल्या पानावर सूर्याला बसवलं, आणि तिथेच निम्मं काम झालं! डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या चांदवडला दिवस साधारण अकरा तासांचा असतो. सूर्य मावळतो सहाला सात-आठ मिनिटं कमी असताना. अंबाल्याला मात्र तो सव्वापाच वाजून गेले की मावळायलाच लागतो, आणि उगवतो सातच्या सुमाराला. म्हणजे दिवस दहा तास वीस मिनिटांचा. असं का, ते पाचवी-सहावीतल्या मुलांनी पृथ्वीचा गोल हातात घेऊन घरी शोधून काढायचं. मी फक्त एवढं सांगते की हिवाळ्यात तुम्ही जसजसे उत्तरेला जाता तसतसा तुमच्या खिशातला उजेड कमी होत जातो. जूनमध्ये उलट होतं.

मग मी हा विषय शाळेत नेला. आमची शाळा मुंबई-आग्रा रस्त्याला लागून आहे. वर्गाच्या खिडकीतून दिवसभर ट्रक दिसतात. कांद्याचे, द्राक्षांचे, सिमेंटचे. मुलांना 'आग्रा' हा शब्द ताजमहालाच्या आधी ट्रकमुळे माहीत होतो.

आम्ही फक्की घेऊन मैदानावर गेलो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे एका सेकंदाला किती मीटर? मुलांनी मातीतच हिशेब केला. सुमारे २२ मीटर. खो-खोचे दोन खांब असतात ना, त्यांच्यातलं अंतर साधारण २४ मीटर. म्हणजे तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत गाडी जवळजवळ या खांबापासून त्या खांबापर्यंत गेली! आणि 'एक' म्हणायला लागतो तेवढाच वेळ ड्रायव्हरला पुढचं दिसून पाय ब्रेकवर जायला लागतो. तोवर गाडीचा वेग कमी झालेलाच नसतो. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर ती आणखी तीस-पस्तीस मीटर जाते. रस्ता ओला असेल तर त्याहून जास्त. एकूण साठ मीटरच्या आसपास. साठ मीटर मोजायला आमचं मैदान पुरेना. शेवटचा मुलगा कुंपणाबाहेर बोरीच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला.

"आता ताशी चाळीसने काढा," मी म्हटलं. सगळ्यांनी निम्मं केलं, तीस मीटर. चूक! पहिल्या सेकंदातलं अंतर निम्मं होतं, अकरा मीटर. पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर निम्मं नाही, पावपट होतं. वेग दुप्पट तर ते अंतर चौपट, वेग निम्मा तर ते पाव. म्हणजे अकरा अधिक साधारण नऊ, वीस मीटर. बोरीखालचा मुलगा पळत पळत मैदानाच्या मध्यावरही न थांबता आणखी अलीकडे येऊन उभा राहिला. पोरं एकदम गप्प झाली. त्यांना फळ्यावर जे कधी कळलं नव्हतं ते त्या मुलाच्या पळण्याने कळलं.

आता धुक्याकडे या. हवामान खात्याच्या हिशेबात हजार मीटरच्या आतलं दिसेनासं झालं की ते धुकं. दोनशे ते पन्नास मीटरपर्यंतच दिसत असेल तर दाट धुकं, आणि पन्नासच्या आत अतिदाट. आता बोरीचं झाड आठवा. पन्नास मीटर दिसतंय आणि थांबायला साठ लागतात. उरलेले दहा मीटर कुठून आणायचे?

एका मुलीने विचारलं, "बाई, आपल्याकडे पण थंडी पडते. निफाडला तर किती पडते! मग त्यांच्याकडेच एवढं धुकं का?" चांगला प्रश्न. निफाडच्या थंडीत द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात हे आमच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं. पण आपल्या पठारावरची हिवाळ्यातली हवा बहुतेक वेळा कोरडी. उत्तरेत हिमालयाच्या पायथ्याशी एक भलंमोठं सपाट मैदान आहे, नद्यांचं, कालव्यांचं, नुकत्याच पाणी दिलेल्या गव्हाच्या शेतांचं. जमिनीलगत ओल भरपूर. रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन झपाट्याने गार होते, तिच्यावरची हवा गार होते, आणि वारा नसल्याने ती हलत नाही. हवेतल्या वाफेचे थेंब होऊन तिथेच तरंगत राहतात. धूर आणि धूळ असेल तर थेंबांना चिकटायला जागाच जागा. सगळ्यात वाईट दिवस डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीपर्यंत, पण सुरुवात आधीच होते. सूर्य वर येऊन जमीन तापली की बहुतेक दिवशी धुकं विरतं. नऊला, दहाला, कधी अकरालाही.

तेवढ्यात चौथीतला एक मुलगा उठला. एरवी हा मागच्या बाकावरून तोंड उघडत नाही. त्याचे वडील ट्रक चालवतात, कांदा घेऊन दिल्लीला जातात. तो म्हणाला, "बाई, पप्पा म्हणतात, धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून जायचं नाही. तो खड्ड्यात गेला तर आपण पण खड्ड्यात."

त्या आठवड्यात मी जे काही ऐकलं त्यात हे सगळ्यात उपयोगाचं वाक्य होतं. दोन दिवसांनी त्याचे वडील शाळेच्या फाटकाशी भेटले. मी वही पुढे केली. ते आधी लाजले, मग ट्रकच्या बॉनेटवर वही ठेवून त्यांनी बोटाने रस्ता दाखवला. "बिजासनचा घाट दिवसाउजेडी ओलांडा बाई. पहिल्या दिवशी इंदूर बास झालं. आग्र्याच्या पुढं मी सकाळी दहाच्या आत चाक हलवत नाही. मालक फोनवर वरडतो. वरडू दे." आणि जाता जाता म्हणाले, "थांबायचं झालं तर रस्त्याच्या कडेला नका थांबू. पार आत, पंपात नाहीतर ढाब्यात घाला गाडी. कडेला उभी गाडी धुक्यात मागच्याला चालतीच वाटती."

पालकहो, आपण मुलांना शिकलेल्या माणसांची उदाहरणं देतो. त्या दिवशी माझ्या वहीत सगळ्यात जास्त भर ज्याने घातली, तो माणूस सातवीत शाळा सोडलेला आहे.

तर वही अशी झाली. निघायचं मंगळवारी सकाळी सातला. मंगळवारी इंदूर, साडेतीनशे किलोमीटरच्या आत. बुधवारी शिवपुरी, सुमारे ४००. गुरुवारी फक्त आग्रा, २३५, कारण चंबळ ओलांडल्यावर काय हवा असेल ते माहीत नाही. शुक्रवारी आग्र्याहून पानिपत, ३३०. शनिवारी पानिपत पाहून अंबाला, ११५. शनिवारचा दिवस दिसायला रिकामा, पण तो राखीव. धुक्याने एखादा अर्धा दिवस खाल्ला तर तो तिथून द्यायचा. आणि शेवटी भाचीने लाल शाईने चौकट केली: 'सूर्य मावळला की गाडी बंद. कितीही थोडं राहिलं असलं तरी.' खाली सगळ्यांच्या सह्या. दादाचीही घेतली. भाच्याने आपल्या सहीशेजारी ट्रक काढला.

दिल्ली शहरातून जायचंच नाही असंही ठरवलं. हिवाळ्यात तिथली हवा फार बिघडली की बीएस-४ डिझेल गाड्यांना बंदी घालतात, आणि दादाची गाडी नेमकी तीच. त्यामुळे आग्रा, मथुरा, पलवल आणि मग पलवलपासून कुंडलीपर्यंतचा शहराबाहेरचा रस्ता. २०१८ साली सुरू झालेला हा रस्ता १३५ किलोमीटरचा आहे. यालाही कधी निर्बंध लागतील सांगता येत नाही, म्हणून रोज रात्री बातम्या बघायचं काम आईकडे दिलं. ते ती तशीही करतेच.

गाडीची तयारी दादाने मन लावून केली, हे कबूल केलं पाहिजे. टायरची हवा, धुक्याचे पिवळे दिवे, काचेच्या वायपरची रबरं, मागे चमकणारी लाल पट्टी. माझा भाचा प्रत्येक गोष्टीला 'का' विचारत होता. मोठा दिवा का नाही लावायचा? मग रात्री अंगणात पांढरी चादर वाळत टाकली होती तिच्यावर आम्ही बॅटरी मारली. लख्ख उजेड आपल्याच डोळ्यांत! धुकं म्हणजे ती चादर. म्हणून दिवे खाली वळवलेले. चारही दिवे लुकलुकते ठेवून का नाही जायचं? कारण मग आपण वळणार कुठे ते मागच्याला कळत नाही. ते दिवे थांबलेल्या गाडीचे. थंडीत एसी कशाला? पाच माणसांच्या श्वासाची वाफ गार काचेवर बसते आणि बाहेर धुकं नसलं तरी आत तयार होतं. एसी आतली हवा कोरडी करतो, काच साफ होते. वहिनीने दशम्या, तिळाची चटणी, गूळ-शेंगदाणे आणि दोन थर्मास घेतले. आईने पाच घोंगड्या घेतल्या. एवढ्या कशाला म्हणून दादाने दोन काढून ठेवल्या, आणि निघताना पाहतो तर पाचही गाडीत.

पहिले दोन दिवस इतके सरळ गेले की दादाला टोमणे मारायला भरपूर वेळ मिळाला. मालेगावला गिरणा, धुळ्याला पांझरा, मग तापी, बिजासनच्या घाटानंतर खलघाटला नर्मदा. भाचा नद्या मोजत होता. इंदुरात आम्ही चारलाच पोचलो. "अजून दोन तास उजेड आहे, देवास गाठू," दादा म्हणाला. मला वाटतं आम्ही तिथे थोडं ऐकायला हवं होतं, नियम सूर्याचा होता, चारचा नव्हता. पण लॉज इंदूरला घेतलेला, आणि आईचे पाय सुजले होते. शिवपुरीला रात्री पहिल्यांदा घोंगड्या निघाल्या. पाचही. गुरुवारी चंबळ ओलांडून आग्र्याला दुपारी.

शुक्रवारी सकाळी सातला खिडकी उघडली, तर समोरचा रस्ता नव्हता! रस्त्यापलीकडची दुकानं नव्हती. फक्त आवाज होते. सायकलची घंटी, दुधाच्या किटल्या, कुणाचा तरी खोकला. माणूस हाताच्या अंतरावर येईपर्यंत दिसत नव्हता. दादा तीन वेळा खाली जाऊन आला. साडेदहाला सूर्याची पांढरी टिकली दिसली आणि आम्ही निघालो, पहिला तासभर चाळीसनेच. भाचीने मागे बसून रस्त्याकडेचे खांब मोजले.

पलवलनंतर रस्ता मोठा आणि मोकळा. हा रस्ता यमुना दोनदा ओलांडतो. दुसऱ्यांदा ओलांडतो तो बागपतच्या बाजूला. तिथे भाची पुटपुटली, "आत्या, अब्दाली इथूनच पलीकडे गेला ना?" खरंच. १७६० च्या ऑक्टोबरात अब्दालीची फौज बागपतजवळच यमुना पार करून आली आणि मराठ्यांची दिल्लीकडची वाट अडली. आम्ही कुंडलीला उतरलो तेव्हा पाच वाजले होते. हवेचा रंग राखेसारखा झाला होता. वीस मिनिटांत मुरथल आलं, पराठ्यांच्या ढाब्यांसाठी प्रसिद्ध असलेलं. सूर्य गेला.

दादाने वेग कमी केला नाही.

"दादा, चौकट," मी म्हटलं.

"चाळीस किलोमीटर राहिलंय फक्त. पाऊण तास. पानिपतला खोली घेतलेली आहे, पैसे भरलेत. आणि धुकं कुठाय?"

खरंच नव्हतं. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. कदाचित आम्ही पाऊण तासात सुखरूप पोचलो असतो. गाडीत कुणी बोलेना. भाचीने वही उघडून ते पान पुढे धरलं, पण तिलाही बोलवेना, तो तिचा बाप. शेवटी दादाने समोरच्या आरशात पाहिलं. मागे आई बसली होती. ती काही म्हणाली नाही, बाहेर बघत होती. पण आरशातून तिचं कपाळ दिसत असणार. दादाने डावीकडचा दिवा लावला आणि गाडी ढाब्याच्या आवारात पार आतपर्यंत नेली. शेजारच्या लॉजवर दोन खोल्या मिळाल्या. पानिपतच्या खोलीचे पैसे बुडाले ते बुडालेच. जेवताना तो कुणाशी बोलला नाही, तीन पराठे मात्र खाल्ले.

पहाटे मला जाग आली ती ट्रकच्या आवाजाने नाही, आवाज नव्हता म्हणून. खिडकीतून खाली आवारातली आमची गाडीसुद्धा दिसत नव्हती. दादा खोलीत नव्हता. तासाभराने आला, मफलर ओला झालेला. खाली ट्रकवाल्यांबरोबर चहा पीत बसला होता. "सगळे उभे आहेत," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "त्यातले दोघं धुळ्याचे निघाले."

सव्वादहाला निघून साडेअकराच्या आत आम्ही पानिपतला काला आम पाहिला. तिथे आता झाड नाही, स्तंभ आहे. भाचीने पाठ केलेल्या तारखा मला ऐकवल्या. १७६० च्या मार्चमध्ये भाऊ परतूरहून निघाले, २ ऑगस्टला दिल्ली घेतली, नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फौज पानिपताला अडकली, १४ जानेवारी १७६१ ला लढाई. या साऱ्या तारखा परीक्षेत लिहून तिने गुण मिळवलेले आहेत. पण तिथे गार दगडावर हात ठेवून ती म्हणाली, "आत्या, म्हणजे ते निघाले तेव्हा उन्हाळा होता."

मी पंधरा वेळा तरी हा धडा वाचला असेन. बायका-मुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे, एवढी मोठी वस्तीच फौजेबरोबर चालत होती. रसद तुटली, पोटात अन्न नाही, आणि वर ही उत्तरेची थंडी, तीही अडीच महिने. मी हे सगळं शिकवलेलं आहे. निघाले तेव्हा ऊन होतं, हे मात्र मला कधी सुचलं नव्हतं. आई तोवर घोंगडी पांघरून गाडीशेजारी उभी होती. तिने काही न बोलता तीच घोंगडी भाचीच्या खांद्यावर टाकली.

शनिवारी दुपारी चारला आम्ही अंबाल्यात. राखीव दिवस पुरता खर्च झाला होता, शिल्लक होता फक्त एक तासाचा उजेड. रविवारी मी बाळाच्या कानात कुर्र केलं. बाळ झोपलेलंच होतं, त्याला कशाचं काही नाही.

संध्याकाळी भाची वही घेऊन कोपऱ्यात बसली होती. मंगळवारी सकाळी सात ते शनिवारी दुपारी चार, १०५ तास. अंतर १४२५ किलोमीटर. तिने नीट मांडून भागाकार केला, दोनदा तपासला आणि दादापुढे वही धरली.

"पप्पा, आपला सरासरी वेग ताशी साडेतेरा किलोमीटर पडला."

दादाने चष्मा लावून आकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"सायकलवर आलो असतो," तो म्हणाला, आणि बाळाला घ्यायला उठला.